एक डॉलर भरून पावलो

अमेरिकेतल्या खरेदीखतात मोबदला म्हणून ‘एक डॉलर’ लिहिलेला दिसला, तरी लगेच हुरळून जाऊ नये. मोबदल्याचा उल्लेख केल्याशिवाय खत पुरे होत नाही, म्हणून तिथले वकील पिढ्यान् पिढ्या हा आकडा लिहीत आले आहेत. बापाने लेकीच्या नावावर घर केले, भावाभावांनी वाटणी केली किंवा खरी किंमत चारचौघांना कळू द्यायची नसली, तरी ‘एक डॉलर आणि इतर योग्य मोबदला भरून पावलो’ अशा अर्थाची ठरावीक भाषा येते. त्यामुळे एक डॉलरचे खत सापडले म्हणून ते घर खरोखर एका डॉलरला विकले गेले, असे म्हणता येत नाही.

मेरीलंड राज्यातल्या बाल्टिमोर शहराच्या दप्तरात मात्र अशा काही शे खतांचा गठ्ठा आहे, ज्यांत लिहिलेला डॉलर शब्दशः खरा आहे. १९७३ पासून पुढची काही वर्षे या शहराने आपल्या ताब्यातली ओसाड घरे नागरिकांना एकेका डॉलरला दिली. अट एकच होती : दुरुस्त करा आणि राहा. ही खते ओळखायची खूण रकमेत शोधू नये, देणाऱ्याच्या नावात शोधावी. तिथे ‘मेयर अँड सिटी कौन्सिल ऑफ बाल्टिमोर’ असे महापालिकेचे विधिवत नाव असते. ते नाव, सत्तरच्या दशकातली तारीख आणि एक डॉलर या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तर आपण योग्य जागी पोहोचलो असे मानायला हरकत नाही.

या घरांविषयी छापून आलेला मजकूर पुष्कळ आहे. तरुण जोडपी, हातात हातोडे, पडक्या जिन्यावरचे हसरे फोटो. मराठी इतिहासलेखनात बखर आणि अस्सल कागद यांत जो फरक आपण करतो, तो इथेही करायला हवा. वर्तमानपत्रांतल्या त्या कथा म्हणजे बखरी होत. त्या खोट्या नाहीत, पण शेवट ठाऊक झाल्यावर लिहिलेल्या आहेत. त्यांची सुरुवात नेहमी ‘घर रिकामे होते’ या वाक्याने होते. मला विचारायचे आहे ते त्या वाक्याच्या अलीकडचे. घर रिकामे होते, तर ते कधी आणि कुणी रिकामे केले? महापालिकेकडे ते आले कसे? आणि शेवटचे कुलूप लागण्याआधी त्यात कोण राहत होते?

आधी निश्चित माहीत असलेल्या गोष्टी मांडू.

या योजनेचे इंग्रजी नाव ‘अर्बन होमस्टेडिंग’. शहर म्हणून तिची सुरुवात पहिल्यांदा केली ती डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टनने, १९७३ साली, महापौर थॉमस मलोनी यांच्या काळात. बाल्टिमोर लगोलग त्यात उतरले. तिथे महापौर होते विल्यम डोनल्ड शेफर आणि गृहनिर्माण आयुक्त रॉबर्ट एम्ब्री. २२ ऑगस्ट १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सही केलेल्या गृहनिर्माण कायद्याच्या कलम ८१० ने हीच कल्पना केंद्राच्या पातळीवर नेली. केंद्रीय गृहनिर्माण खात्याकडे तेव्हा कर्जबुडीत निघालेली हजारो घरे येऊन पडली होती. ती शहरांमार्फत द्यायची, घेणाऱ्याने आरोग्य आणि सुरक्षिततेपुरती दुरुस्ती करून राहायला यायचे, १८ महिन्यांत घर स्थानिक नियमांत बसवायचे आणि किमान तीन वर्षे तिथेच राहायचे. हस्तांतर आधी सशर्त, अटी पुऱ्या झाल्यावर पूर्ण मालकी. बाल्टिमोरच्या स्वतःच्या योजनेत मुदती याहून आखूड होत्या. सहा महिन्यांत राहायला येणे आणि निदान १८ महिने राहणे, असा तिथला नियम सांगितला जातो.

यातून कागद वाचण्याचा एक नियम निघतो. अंतिम खताची तारीख ही माणूस घरात आल्याची तारीख नसते. ती अटी पुऱ्या झाल्याची तारीख असते. दोन्हींमध्ये दोन-तीन वर्षे सहज जातात. बखरींतल्या तारखा आणि खतांतल्या तारखा जुळत नाहीत, त्याचे मोठे कारण हे.

योजनेचे नावही पुरावा म्हणून वाचण्यासारखे आहे. ते घेतले २० मे १८६२ च्या होमस्टेड कायद्यावरून. लिंकन यांनी सही केलेल्या त्या कायद्याने १६० एकर सरकारी जमीन नाममात्र शुल्कात देऊ केली होती. पाच वर्षे राहा, कसा आणि मालक व्हा. ती जमीन कुणाच्याही मालकीची नाही, असे कागद गृहीत धरत होता. ती ज्यांच्या पायाखालून गेली, त्या मूळ रहिवाशांची नावे त्या खतांत कुठेच येत नाहीत. एकशे अकरा वर्षांनी शहरांनी हे नाव पुन्हा उचलले तेव्हा हा अर्थ कुणाच्या मनात होता, असे मानायला आधार नाही. तरी नावाबरोबर सवय येते. इथेही खताची सुरुवात ‘रिकाम्या’ मालमत्तेपासूनच होते.

आता मागे जाऊ. बाल्टिमोरमधल्या एखाद्या जुन्या घराचा माग काढायचा, तर पहिले साधन सॅनबॉर्न कंपनीचे नकाशे. आगीचा विमा उतरवणाऱ्यांसाठी काढलेल्या या मोठ्या प्रमाणावरच्या नकाशांत प्रत्येक इमारत वेगळी दिसते. विटांचे बांधकाम गुलाबी, लाकडाचे पिवळे, दगडाचे निळे. मजले किती, छप्पर कशाचे, मागे गोठा की कारखाना, सगळे नोंदलेले. नवा नकाशा दर वेळी काढणे परवडत नसे, म्हणून कंपनी बदललेल्या भागापुरत्या चिठ्ठ्या छापून पाठवी आणि त्या जुन्या पानावर चिकटवल्या जात. काही प्रतींत चिठ्ठीखालचे घर पान उजेडासमोर धरले तर पुसटसे दिसते. जिथे आज मोकळी जागा आहे, तिथे गुलाबी चौकोनांची रांग उमटते. कुणालाही थरार वाटावा असा हा क्षण असतो. मात्र नकाशा घर सांगतो, माणूस सांगत नाही.

माणसासाठी शहराच्या निर्देशिका आहेत. घरमालक असो वा भाडेकरू, कुटुंबप्रमुखाचे नाव, धंदा आणि पत्ता त्यांत छापला जाई. इथे दोन खड्डे आहेत. पहिला : १८८६-८७ च्या सुमारास बाल्टिमोरने घरांना नवे क्रमांक दिले. त्याआधीच्या निर्देशिकेतला क्रमांक आजच्या दारावर शोधू गेले की भलत्याच कुटुंबाचा इतिहास आपल्या घराला चिकटतो. असे ‘घराचे इतिहास’ हौसेने लिहून भिंतीवर लावलेले असतात, आणि क्रमांकांचा ताळा न घेतल्यास त्यांतला निम्मा मजकूर शेजाऱ्याचा निघू शकतो. दुसरा : निर्देशिका कृष्णवर्णीयांना वेगळे काढते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांची यादीच निराळी होती. पुढे नावापुढे खूण येऊ लागली. अपमानासाठी केलेली ती खूण आज संशोधकाला उपयोगी पडते, कारण कुठली गल्ली कधी कुणाची होती हे तिच्यावरून कळते. उपयोगी पडते म्हणून ती निर्मळ होत नाही, हे वापरताना विसरू नये.

तिसरे साधन म्हणजे जमिनीची दप्तरे. १८५१ मध्ये बाल्टिमोर शहर आजूबाजूच्या काउंटीपासून वेगळे झाले, तेव्हापासून शहराची दप्तरे स्वतंत्र आहेत. प्रत्येक वहीवर त्या वेळच्या लेखनिकाची आद्याक्षरे असतात. वही आणि पान मिळाले की मागचे खत, त्यामागचे खत असे उतरत जाता येते. ७ फेब्रुवारी १९०४ च्या मोठ्या आगीत शहराच्या मध्यभागातल्या पंधराशेहून अधिक इमारती जळाल्या, पण न्यायालयाची इमारत वाचली. आज ही दप्तरे मेरीलंडच्या पुराभिलेखागाराने संगणकावर आणून सर्वांना खुली केली आहेत. समुद्रापारच्या वाचकालाही एका दाराचा दीडशे वर्षांचा माग काढता येतो.

हा माग काढताना नवख्याला एक विचित्र गोष्ट आढळते. एकाच घराच्या खतांच्या दोन समांतर साखळ्या निघतात. याचे कारण ‘ग्राउंड रेंट’. बाल्टिमोरमध्ये घर एकाचे आणि जमीन दुसऱ्याची, ही पद्धत अठराव्या शतकापासून रुजलेली आहे. भाडेपट्टा ९९ वर्षांचा, पण कायम नूतनीकरणाचा. घरमालक वर्षाकाठी ठरलेले भूभाडे भरतो, आणि ते वसूल करण्याचा हक्क रोख्यासारखा विकता, वारशाने देता येतो. कष्टकऱ्यांना स्वस्तात घर मिळण्याचे हे एक साधन होते, कारण जमिनीची किंमत एकदम द्यावी लागत नसे. रांगेने बांधलेली विटांची घरे या शहरात इतकी का, याच्या उत्तराचा एक मोठा भाग या पद्धतीत आहे. तिची काळी बाजूही कागदांत आहे. थोड्याशा थकबाकीवरून लोकांची घरे गेल्याचे ‘बाल्टिमोर सन’ने डिसेंबर २००६ मध्ये मालिका छापून उघड केले, आणि २००७ मध्ये राज्याने नवे भूभाडे निर्माण करण्यास बंदी घातली. आपल्या शोधासाठी महत्त्वाचे इतकेच, की शहराला एखादे घर पूर्ण मालकीने घ्यायचे तर घरमालक आणि भूभाडेधारक या दोघांचेही हक्क घ्यावे लागत. दोघांचीही नावे कागदावर येतात. तिसरा माणूस, म्हणजे प्रत्यक्ष आत राहणारा भाडेकरू, कुठल्याच साखळीत नाही.

ही उणीव ध्यानात ठेवून १९१० कडे वळू. वकील डब्ल्यू. ॲश्बी हॉकिन्स यांनी मॅककुलो स्ट्रीटवरचे १८३४ क्रमांकाचे घर घेतले. त्यांचे वकिलीतले भागीदार जॉर्ज मॅकमेकन त्यात सहकुटुंब राहायला आले. दोघेही कृष्णवर्णीय, गल्ली गोऱ्यांची. त्यावरून उठलेल्या गदारोळातून महापौर जे. बॅरी महूल यांनी २० डिसेंबर १९१० रोजी एका वटहुकुमावर सही केली. ज्या गल्लीत गोऱ्यांची वस्ती निम्म्याहून अधिक तिथे कृष्णवर्णीयाने राहायला जायचे नाही, आणि उलटही. वर्णावरून निवास ठरवणारा अमेरिकेतला हा असा पहिला शहरी कायदा मानला जातो. न्यायालयांत तो अडखळला, दुरुस्त होऊन पुन्हा आला. अखेर लुइव्हिल शहराच्या अशाच कायद्याच्या खटल्यात ५ नोव्हेंबर १९१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे घटनाबाह्य ठरवले. एका घराचे खत, एक वटहुकूम, एक निकाल : तिन्ही कागद शाबूत आहेत, आणि एका दारापासून राष्ट्रीय निकालापर्यंतची वाट त्यांत सलग दिसते. इतकी अखंड साखळी इतिहासात क्वचितच हाती लागते.

यानंतरचा कागद प्रसिद्ध आहे. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ या केंद्रीय संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे ‘निवासी सुरक्षितते’चे नकाशे काढले. बाल्टिमोरचा नकाशा १९३७ चा. हिरवा उत्तम, निळा चांगला, पिवळा घसरता, लाल धोक्याचा. मध्यवर्ती जुन्या वस्त्यांचा बराच भाग लाल. सोबतच्या छापील तक्त्यांत परदेशी जन्माची कुटुंबे किती, कृष्णवर्णीय किती, कुणाचा ‘शिरकाव’ होतो आहे, असे रकाने आहेत. इतिहासकार केनेथ जॅक्सन यांनी राष्ट्रीय अभिलेखागारातून हे नकाशे उजेडात आणल्यावर, शहरांच्या ऱ्हासाचे मूळ कारण म्हणजे हेच लाल रंग, असे पुष्कळांनी लिहिले.

इथे सावध व्हायला हवे. संस्थेने आपली बहुतेक कर्जे नकाशे पुरे होण्याआधीच दिली होती, आणि पुढे लाल ठरलेल्या भागांतही दिली होती. म्हणजे तिच्या कर्जांना नकाशाने अडवले, हे कालक्रमात बसत नाही. खरा परिणाम करणारी संस्था बहुधा दुसरी होती : १९३४ ची ‘फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन’. कुठल्या घराच्या कर्जाला सरकारी हमी मिळेल हे ती ठरवी, आणि तिचेही नकाशे होते. त्यांतले फारच थोडे टिकले. ज्या नकाशांनी घाव घातला ते नाहीसे झाले आणि ज्यांनी त्या काळचा समज नोंदवला ते उरले, अशी ही अवस्था आहे. १९३७ चा नकाशा साक्षीदार म्हणून मी पूर्ण मानतो. आरोपी म्हणून त्याला उभे करायला पुरावा अपुरा आहे. मात्र ज्या वस्तीला कर्ज मिळत नाही तिथे छप्पर गळले की गळतच राहते, हे कार्यकारण समजायला नकाशाची गरज नाही.

आणि मग रस्ता आला. १९४४ मध्ये नगररचनाकार रॉबर्ट मोझेस यांनी बाल्टिमोरमधून द्रुतमार्ग नेण्याची योजना सुचवली. ती तशी झाली नाही, पण पुढची तीन दशके आराखड्यामागून आराखडे निघाले. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात शहराने मार्गावरची घरे सक्तीने संपादन करायला घेतली. फेल्स पॉइंट आणि फेडरल हिल या बंदरकाठच्या जुन्या वस्त्या त्यात सापडल्या. पश्चिमेला फ्रँकलिन आणि मलबेरी या दोन रस्त्यांमधला कृष्णवर्णीयांचा पट्टाही सापडला. ‘मूव्हमेंट अगेन्स्ट डिस्ट्रक्शन’ या नावाने गोरे-काळे दोन्ही रहिवासी एकत्र आले. या चळवळीची कागदपत्रे बाल्टिमोर विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. १९६६ च्या वारसाजतन कायद्याचा आधार घेऊन फेल्स पॉइंटची नोंद १९६९ मध्ये राष्ट्रीय वारसा-सूचीत झाली आणि तो भाग वाचला. फ्रँकलिन-मलबेरीला असे कवच मिळाले नाही. तिथे खंदक खणून मार्गाचा तुकडा १९७९ पर्यंत बांधला गेला, आणि तो कुठल्याच आंतरराज्य महामार्गाला कधी जोडला गेला नाही.

या तुकड्यासाठी ९७१ घरे आणि ६२ दुकाने-व्यवसाय पाडले गेले आणि सुमारे १,५०० माणसे विस्थापित झाली, असे आकडे वारंवार छापले जातात. ते शेजारी शेजारी ठेवून भागाकार करा. दर घरामागे दीड माणूस. जिथे एका घरात दोन-दोन कुटुंबे राहत असल्याचे जनगणना सांगते, अशा दाट वस्तीत हे शक्य नाही. मग एक तर आकडे वेगवेगळ्या याद्यांतून आले असतील. किंवा, आणि मला हे अधिक संभवनीय वाटते, अधिकृत मोजणी झाली तेव्हा बरीच माणसे आधीच निघून गेली होती. रस्ता येणार अशी वार्ता पसरली की घरमालक दुरुस्ती थांबवतो, भाडेकरू पर्याय शोधतो, शेजारचे दार बंद होते. संपादनाची नोटीस येईपर्यंत जे टिकले ते ‘विस्थापित’ म्हणून मोजले गेले. आधी गेले ते आपखुशीने गेले असे धरले. हे अनुमान आहे. पण या दोन आकड्यांमधल्या फटीत निदान काही शे माणसे उभी आहेत, याबद्दल मला शंका वाटत नाही.

मोबदल्याचा कायदाही या अनुमानाला दुजोरा देतो. सरकारी कामासाठी हलवलेल्या भाडेकरूंनाही स्थलांतराचा खर्च आणि साहाय्य मिळावे, असा देशभर एकसारखा लागू होणारा कायदा २ जानेवारी १९७१ रोजी झाला. कागद पैशामागून जातो. जिथे कुणाला पैसे द्यायचे नव्हते तिथे कुणाचे नाव लिहिण्याचे कारण नव्हते. म्हणून १९७१ च्या आधी हललेल्या भाडेकरूंचा माग सगळ्यांत पुसट आहे.

आता आपण एका डॉलरच्या अगदी जवळ आलो. इनर हार्बर या बंदरभागाच्या नैर्ऋत्येला ओटरबाइन नावाची छोटी वस्ती आहे. तिचे नाव १७८५-८६ मध्ये बांधलेल्या चर्चवरून पडले. त्या चर्चची विटांची इमारत अजून उभी आहे. द्रुतमार्ग आणि बंदरकाठचे नूतनीकरण यांच्या योजनांसाठी शहराने इथली घरे संपादन केली, माणसे हलली, खिडक्यांना फळ्या लागल्या. मग मार्ग बदलला. पाडायला घेतलेली घरे पाडण्याचे कारण उरले नाही. शंभराहून थोडी अधिक घरे उरली होती, आणि १९७५ मध्ये शहराने ती चिठ्ठ्या टाकून एकेका डॉलरला दिली. पूर्वेकडच्या ओल्डटाउनमधल्या स्टर्लिंग स्ट्रीटची कथा याच धर्तीची. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली सुमारे चाळीस लहान घरे नूतनीकरणात पाडायची ठरली होती, ती अशीच वाचली.

ज्यांनी ही घरे घेतली त्यांच्या कष्टांविषयी मला मनापासून आदर आहे, आणि तो कागदांवरूनच वाढला. डॉलर हा फक्त दरवाजा होता. छत, तुळया, नळ, वीज, सगळे नव्याने करायचे, आणि त्यासाठी कर्ज. १९६४ च्या गृहनिर्माण कायद्याचे कलम ३१२ तीन टक्के व्याजाने दुरुस्तीकर्ज देई. शहराचीही कर्जे होती. पण कर्ज म्हटले की स्थिर पगार आला. संपादनात निघालेल्या भाडेकरूकडे तो असता, तर तो बहुतेक वेळा भाडेकरू नसता. योजनेने कुणाला मुद्दाम वगळले असे दाखवणारा कागद मी मांडू शकत नाही; कर्जाची अटच गाळणीसारखी काम करीत होती, एवढे अटींवरून दिसते. केंद्रीय लेखापरीक्षकांच्या कार्यालयाने नोव्हेंबर १९७९ मध्ये या योजनेवर अहवाल दिला. शीर्षकातच निर्वाळा होता : योजना चांगली, सुधारणा हव्यात.

घर स्वतःही एक दस्तऐवज आहे. दर्शनी भिंतीची वीट कशी रचली आहे, पायऱ्यांना कॉकीजव्हिलचा संगमरवर आहे की लाकूड, यावरून काळ ठरवता येतो. विटेवर दगडाचा भास देणारा ‘फॉर्मस्टोन’चा गिलावा असेल, तर तो १९३७ नंतरचा, कारण बाल्टिमोरच्या अल्बर्ट नाइट यांनी त्याचे पेटंट त्या साली घेतले. रंगाचे थर खरवडताना आणखी एक तारीख हाताशी असते. घरांच्या आतल्या रंगात शिसे वापरायला बाल्टिमोरने १९५१ मध्येच बंदी घातली, देशाच्या २७ वर्षे आधी. शिसे सापडलेला थर बहुधा त्याआधीचा. हे खरवडणे घातक आहे, आणि दुरुस्ती करणाऱ्या कित्येकांना ते तेव्हा पुरते ठाऊक नव्हते.

इथेही एक फसगत आहे. पाडलेल्या घरांतली दारे, चौकटी, जिन्याचे कठडे, शेकोटीच्या चौकटी शहराने एका डेपोत जमवल्या, आणि डॉलरच्या घरवाल्यांना त्या स्वस्तात दिल्या. चांगली, शहाणी कल्पना. पण त्यामुळे आज एखाद्या दिवाणखान्यातली शंभर वर्षांची शेकोटीची चौकट पाहून ‘या घराची मूळ चौकट’ असे लिहिता येत नाही. ती चार गल्ल्या पलीकडच्या, जमीनदोस्त झालेल्या घरातली असू शकते. त्या घराचा एवढाच अवशेष उरला असेल, आणि त्याचा पत्ता त्यावर लिहिलेला नाही.

शहराचे आकडे त्यानंतरही उतरतच गेले. १९५० मध्ये ९,४९,७०८ लोकसंख्या. २०२० मध्ये ५,८५,७०८. वजाबाकी बरोबर ३,६४,००० येते. ती छपाईची चूक नाही, योगायोग आहे. ओटरबाइन आज महागडी वस्ती आहे, आणि तिच्यापासून फार दूर नसलेल्या पश्चिम भागात फळ्या ठोकलेल्या घरांच्या रांगा आहेत. २४ जानेवारी २०२२ रोजी साउथ स्ट्रिकर स्ट्रीटवरच्या अशाच एका ओसाड घराला आग लागली, घर कोसळले आणि अग्निशमन दलाचे तीन जवान मरण पावले. मार्च २०२४ मध्ये महापालिकेने काही ओसाड घरे वैयक्तिक घरमालकांना पुन्हा एका डॉलरला देण्याची योजना मंजूर केली.

आपला प्रश्न अजून उभा आहे. आत कोण राहत होते? मालकांच्या दोन साखळ्या त्याचे उत्तर देत नाहीत, नकाशे देत नाहीत. पुरे उत्तर देऊ शकेल अशी एकच नोंद आहे, ती जनगणनेच्या मूळ तक्त्यांची, ज्यांत घरोघरची नावे, वये, नाती येतात. अमेरिकेत हे तक्ते ७२ वर्षे मोहोरबंद राहतात. १९५० चे तक्ते १ एप्रिल २०२२ रोजी खुले झाले. त्यामुळे मोझेस यांच्या आराखड्यानंतर सहा वर्षांनी ओटरबाइनच्या एखाद्या दारामागे कोण होते, हे आता वाचता येते. तेच कुटुंब पुढे किती वर्षे राहिले, हे त्यावरून ठरत नाही. १९६० चे तक्ते १ एप्रिल २०३२ रोजी उघडतील. १९७० चे, म्हणजे घरे शहराच्या हाती जात असतानाचे, १ एप्रिल २०४२ रोजी. १९७० मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल तेव्हा ८२ वर्षांचे असेल.

तोवर हाताशी आहे ती निर्देशिका. तिच्या रस्तावार भागात घरांचे क्रमांक उभ्या ओळीत आणि त्यांच्यापुढे कुटुंबप्रमुखाचे नाव असते. एका आवृत्तीत क्रमांकापुढे नाव दिसते, आणि पुढच्या आवृत्तीत त्याच क्रमांकापुढे एकच शब्द छापलेला असतो : ‘रिकामे’.